एकाच माणसाची होडी

बीड, १२ जानेवारी २०२५

ती. विजयदादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणून पत्र. माझ्याकडे कामाला येणाऱ्या साखराबाईने गावी येऊन सांगितलं ते खरं आहे. तुझी बहीण पडवीत होडी बांधते आहे. कयाक म्हणतात तिला. लांब, निमुळती, एकाच माणसाची. कापलेल्या फळ्या खोक्यातून आल्या. त्यांच्या कडा तांब्याच्या तारेने शिवायच्या आणि सांध्यांत दोन द्रावणं कालवून केलेली राळ भरायची. तार कमी पडली तेव्हा मोटार वाइंडिंगवाल्या वाहेदभाईंनी दिली, कशाला हवी हेही न विचारता.

तू मात्र विचारलंस, कावून? पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं मी धरणांचे नकाशे काढले. पाहणीच्या होडीत साहेब बसले, साहेबांचे मेहुणेही बसले; मी काठावर फायली धरून उभी. निवृत्त झाल्यापासून घरात पाय ठरत नाही. पालीच्या धरणाचं पाणी उन्हाळ्यात हटत जाईल. त्याआधी मला त्यात उतरायचं आहे.

रागव, पण माया आटू देऊ नकोस.

तुझी,
संगीता


घाटनांदूर, २० जानेवारी २०२५

चि. संगीतास,
अ. उ. आ.

कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी तुला इंग्रजी शिकवलं, नमतं घ्यायचं तेवढं राहिलं. इथे निवडणूक तोंडावर आलेली, मी उभा राहणार. आमच्याच पॅनेलचा विठ्ठलराव चारचौघांत म्हणाला की औंदा पाऊस लई होणार हाय, ताईंना आधीच कळलंय. सगळे हसले, मलाही हसावं लागलं.

चेष्टा सोड. आपल्या विहिरीत तू कधी पायसुद्धा बुडवला नाहीस. काही झालं तर मी काय करू? करमत नसेल तर इकडे राहायला ये.

तब्येतीला जप, आणि एकदा तरी माझं ऐक.

तुझा,
दादा


बीड, ६ मार्च २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

विहिरीत पाय बुडवला नाही, कारण तुला पाठीला डबा बांधून पोहायला शिकवत तेव्हा मला काठावर तुझे कपडे आणि चपला सांभाळायला बसवत. सुट्टीत घरी आले की माझं तेवढंच काम. पोहायला मी गेल्या वर्षी शिकले, शाळकरी पोरींच्या रांगेत उभी राहून.

होडी पूर्ण झाली. एकदा उन्हात राळ कालवली, तर ती मगातच धुमसून दगड झाली. पुढे सकाळच्या गारव्यात कालवायला लागले. मग ती सुकेपर्यंत चोवीस तास हात लावायचा नाही! ते तास मी फाटक ते पडवी चालत काढले.

आता तुझा पराक्रम. वर्तमानपत्रात होडीचा फोटो आला आणि आठवड्यात चौकात फ्लेक्स लागला: रविवारी विजयदादांच्या शुभहस्ते नौकेचं जलावतरण. तुझा चेहरा परातीएवढा, माझा तिकिटाएवढा. पहिली फेरी दादाच मारणार, असंही तुझी प्रचारातली पोरं सांगत फिरतात. जानेवारीत जी होडी लाज आणत होती, ती मार्चमध्ये तुझी झाली?

पहिली फेरी झाली, दादा. काल सकाळी वाहेदभाईंच्या टेम्पोतून होडी नेली आणि लाइफ जॅकेट घालून एकटी निघाले. ज्या काठाची रेघ मी कागदावर शंभरदा ओढली होती, त्याच्या आत होते. परतावंसं वाटेना.

रविवारी जरूर ये. नारळ फोड, भाषण कर. होडीत मी बसेन. काठावर माझ्या चपला सांभाळायला माणूस हवा आहे.

हे वाचूनही जेवढा लोभ उरेल, तेवढा असू दे.

तुझी,
संगीता


घाटनांदूर, १० मार्च २०२५

चि. संगीतास,
अ. उ. आ.

काल भाषणाला उभा राहिलो, तर सगळे तुझ्याकडेच बघत होते. मीही. तू वळणाआड गेलीस तेवढा वेळ जीव थाऱ्यावर नव्हता. काठावर बसणं इतकं अवघड असतं, हे तू तेव्हा कधी बोलली नाहीस.

विठ्ठलरावने चपला धरायला हात पुढे केला, मी दिल्या नाहीत. त्या तशाच माझ्या गाडीत आल्या. कुणाच्या हाती पाठवणार नाही, येऊन घेऊन जा.

विहिरीला अजून पाणी आहे. काठावर मी बसेन.

वाट पाहणारा,
दादा