मागाच्या खड्ड्यावरचं स्टेशन

मामाजी,

तुमच्या मागाचा खड्डा मी बुजवला. तुमची तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, तुमचा मुलगा परत शाळेत कामावर जायला लागला आणि त्याच दिवशी मी एक बंडी मुरूम मागवून घेतला. ज्या खड्ड्यात पाय सोडून तुम्ही जन्मभर करवतकाठी लुगडी विणलीत, ज्याच्या काठाला सुनेचा पदर लागलेला तुम्हाला खपत नसे, तो खड्डा मी घमेल्याघमेल्यानं भरला, वर पाणी मारलं आणि धुम्मस घेऊन ठोकला. शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "असं नोको करू वो, बुढ्याचा जीव तिथंच बसला असन." मी म्हणाले, "बसला असन तं उठन." सून म्हणून तुमच्यासमोर कधी तोंड उघडलं नाही, त्याची सगळी भरपाई मी त्या धुम्मसावर केली. हात सोलून निघाले, पण त्या दिवशी जेवण गोड लागलं.

कोंढ्याहून लग्न होऊन पवनीला आले तेव्हा नवऱ्याला रेल्वेचं वेड आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शाळेत प्रयोगशाळा सांभाळायची, घरी येऊन चहा घ्यायचा आणि मागल्या खोलीत फळीवर पुठ्ठा, पत्रा, लाकडाचे तुकडे मांडून बसायचं. लहानपणी आईचं बोट धरून ज्या छोट्या गाडीनं हे मामाच्या गावी जात, तीच गाडी, तेच पवनी रोडचं स्टेशन, तोच पूल हातानं करायचा यांचा नाद. पहिले काही दिवस मी तोंडाला पदर लावून हसले. मग एकदा पाहिलं तर हे रुळाशेजारी शेत म्हणून सपाट हिरवा रंग फासत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "हे का किरकेटचं मैदान हाये? बांधीले धुरे नाही लागत का?" धानाच्या पट्टीत जन्मलेल्या बाईला बांध्या, धानाची खाचरं, कोण शिकवणार! मी पोत्याचं कापड कापलं, भुसा रंगवला, खाचरांभोवती शेणामातीचे बारीक धुरे घातले, एका बांधीत काचेचा तुकडा ठेवून पाणी दाखवलं. हे माझ्याकडे असे बघत राहिले की मला लाजच वाटली. आमचं सूत जुळलं ते तिथं, त्या फळीशी. लग्नात पडलेल्या अक्षता नुसत्या तांदळाच्या होत्या.

तुम्हाला ते सहन झालं नाही. मुलगा मागावर बसला नाही हा राग होताच, पण तो एकटा खेळत होता तोवर तुम्ही त्याला येडा म्हणून सोडून दिलं होतं. मी सोबत बसले तेव्हा तुमच्या डोळ्यात खुपायला लागलं. स्वयंपाकघरात पाटावर बसून भाताचा घास कालवत तुम्ही भिंतीला सांगितल्यासारखं बोलायचात. "बायको कशी पाहिजे? नवऱ्याचं खूळ काढन अशी. ही तं त्याले पाणी घालून राहिली. चांगल्या माणसाले पोट्टा करून ठेवला इनं." मी वरण वाढत असायचे. हे खाली मान घालून जेवायचे. पळी वाटीवर आपटली की तुम्ही वर बघायचात आणि मी म्हणायचे, "आणखी वाढू का, मामाजी?"

मग ती होळी आली. लग्नानंतरची दुसरी. हे शाळेच्या कामानं भंडाऱ्याला गेलेले. मी चुलीपुढे, पुरण घोटतेय, घामानं भिजलेय. बाहेर मोहल्ल्यातल्या पोरांचा गलका येतोय, "होळीचं लाकूड द्या जी!" आणि तुमचा आवाज येतो, "या रे, आज लय हाये." मला वाटतं मागाची मोडकी लाकडं देत असाल. पुरणाच्या हातानं बाहेर येते तो चौघंजण फळी खांद्यावर घेऊन निघालेत. पूल, स्टेशन, रूळ, माझ्या बांध्या. एकाच्या हातात सिग्नलचा खांब. मी ओरडले, "मामाजी, ते कायले दिलं?" तुम्ही मागाची फणी पुसत होतात. मान वर न करता म्हणालात, "सणाले घरातलं खूळ जाळाव लागते."

मी तशीच चौकात धावले. पण होळीत पडलेलं लाकूड परत घरी न्यायचं नसतं, हे मलाही लहानपणापासून ठाऊक. बायकांनी मला धरलं. "नेऊ नोको वो बाई, होळीचं ते होळीचं. परत नेलं तं घरावर येते." आणि मी थांबले. तुम्हाला हे नक्की माहीत होतं. तुम्ही ती फळी रस्त्यावर फेकली असती, विहिरीत टाकली असती, तर आम्ही उचलून आणली असती. तुम्ही नेमकी अशा ठिकाणी दिलीत जिथून परत आणणं पाप. संध्याकाळी हे आले तेव्हा शेणाच्या चाकोल्यांच्या माळांखालून स्टेशनचं छप्पर दिसत होतं. यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. तुम्ही तांब्या घेऊन होळीभोवती पाण्याची धार धरत फिरलात, मला घरची सून म्हणून नैवेद्याची पुरणपोळी आगीत टाकावी लागली. माझ्याच हातच्या बांध्यांवर माझ्याच हातची पोळी. परत येताना हे एवढंच बोलले, "टिन जळत नाही, पाह्यलं का?"

त्यानंतर कित्येक वर्षं यांनी हातात कात्री धरली नाही. चिडले असते तर बरं होतं. हे चिडलेच नाहीत. शाळेतून यायचे, टीव्हीपुढे बसायचे, तुम्ही हाक मारली की उठून तुमचं सूत उकलून द्यायचे. चिडायचं काम माझ्या एकटीवर पडलं आणि मी ते चोख केलं. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा तुमचं सगळं मी केलं. पेज भरवली, कूस बदलली, पाठ पुसली. गावानं माझं कौतुक केलं. कुणाला काय माहीत, मी रोज तुमच्या तोंडाकडे एका शब्दासाठी बघत होते. फक्त म्हणायचं होतं, "तेवढं चुकलं." मला नाही, तुमच्या मुलाला. तुम्ही लोणच्याची फोड मागितलीत, पंखा वाढवायला सांगितलंत, मागाला तेल दिलं का विचारलंत. तो शब्द घेऊन गेलात तुम्ही. तुम्ही मेलात त्या दिवशी सगळे रडले. मीही रडले, पण रागानं.

खड्डा बुजलेला पाहून हे दारातच उभे राहिले. मग आत जाऊन त्या सपाट जागेवर बसले आणि मातीवरून हात फिरवत राहिले. मला म्हणाले, "इचारायचं तरी." मी म्हटलं, "त्यायनं इचारलं होतं?"  मी सुताराला बोलावून तुमच्या मागाच्या सागवानी खांबांचे टेबलाला पाय करून घेतले. टेबल येऊन पडलं, महिने गेले, हे काही बसेनात. मी बाजारातून पत्रा आणला, जुन्या खेळण्यातल्या मोटारी जमवल्या, तुळशीच्या वाळल्या मंजिऱ्या रंगवून झाडं केली आणि मुद्दाम रुळाच्या मध्यात लावली. हे वैतागले. "तू काहून माह्या मागं लागून राहिली? मी इसरलो आता ते." मी म्हटलं, "मी नाही इसरली." शेवटी ती झाडं उपटून जागेवर लावायला म्हणून जे बसले ते बसलेच. लोक म्हणतात, बायको असावी तर अशी, नवऱ्याचा छंद जपणारी. जपणारी कसली! अर्धी माया आणि अर्धं तुमच्या नाकावर टिच्चून. छंद त्यांचा, जिद्द माझी.

आता ऐका. ती छोटी लाइन उखडली. मोठी लाइन टाकायला रूळ काढून नेले. कधीकाळी त्या गाडीनं शाळेला गेलेले, बाजाराला गेलेले लोक आता रविवारी आपल्या घरी येतात. तुमच्या वयाची माणसं काठी टेकत येतात, स्टुलावर बसून गाडी बघतात आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसतात. तुम्हाला लुगडं विणल्याबद्दल जेवढे नमस्कार मिळाले नसतील तेवढे तुमच्या मुलाला त्या खोलीत मिळाले आहेत. मी चहा देते आणि प्रत्येकाला आवर्जून सांगते की इथं आधी माग होता.

पण तुमचा मुलगा माझ्यासारखा नाही. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी स्टेशनापाठीमागं रुळाकडून उघडं एक कौलारू घर बसवलं. आत एवढासा माग, आणि मागावर तुम्ही. बोटाच्या पेराएवढे, धोतर, उघडी पाठ, नाकावर बारीक तारेचा चष्मा. मान मागावर वाकलेली आणि पाठ रुळाकडे. मी म्हटलं, "ह्यायले कायले बसवलं?" हे म्हणाले, "बाबाबिगर पवनी कशी होईन?" मी त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. ज्यानं गाव जाळलं त्याला गावात घर! आणि वर तिथंही तुमची पाठच. गाडी मागून जाते, डबे खडखडतात आणि तुम्ही ढिम्म.

परवा हे शाळेत गेले आणि मी ब्रश घेऊन धूळ झटकत होते. गाडी सुरू करून पाहिली. ती तुमच्या पाठीमागून गेली, फिरून आली, परत गेली. माझं टाळकं सरकलं. तुमचं मुंडकं चिमटीत धरलं आणि मुरगळलं. कट् झालं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मग हातातल्या दाण्याएवढ्या डोक्याकडे पाहिलं आणि यांनी त्यावर घातलेले रविवार आठवले. मी डिंक घेतला आणि डोकं परत बसवलं. पण जसं होतं तसं नाही. खांद्यावरून वळवून, थेट रुळाकडे.

संध्याकाळी यांनी वाकून पाहिलं. "बाबाची मान फिरलेली दिसते."

"झाडता झाडता धक्का लागला असन."

 मग त्यांनी गाडी सोडली, आणि त्या घरामागून नेताना नेहमीपेक्षा हळू नेली. "आता पाहून राहिले," असं म्हणाले, मला नव्हे. मी भात बघायला आत गेले.

गाडीमागच्या नव्या डोंगराला कागदाचा लगदा कमी पडतोय, म्हणून या पत्राचे कागद मी आज बादलीत भिजत घालणार आहे. धक्का लागला नव्हता हे यांना सांगणार नाही, तुम्हाला सांगून ठेवते. पुन्हा पाठ केलीत तर पुन्हा मुरगळीन. आणि हो, मुरगळताना तुमचा चष्मा निसटून खाली पडला होता. ती तार शोधत मी अर्धी दुपार गुडघ्यांवर रांगले. सापडल्यावर नाकावर नीट बसवली, गाडी स्पष्ट दिसावी म्हणून.