तुही नात उजेड कोंडते

बा,

तू गेला तेव्हा माह्यं लग्नही झालं नव्हतं, म्हणून तुले एक नात आहे हे तुले ठाऊक नाही. ती पुण्याले एका प्रयोगशाळेत उजेड कोंडायचं काम करते. हसू नको. मी हसून चुकली आहे.

तू मले चवथीतून काढलं, म्हटलं, पोरीले हिशेब आला, पुरे झालं. त्याचा राग मले अजून आहे, पण आज ते काढत नाही. आज मले बोलायचं आहे, आणि जिवंत माणसं मधातच तोंड घालतात.

दिवाळीले ती घरी आली. मी भाकरी थापत होती आणि ती ओट्याले टेकून सांगत होती. नखाएवढी सिलिकॉनची चकती असते. तिच्यावर केसाच्या जाडीत मावतील एवढाले गोल कोरलेले, आणि गोलाच्या बाजूनं उजेडाचा सरळ रस्ता. रस्त्यानं जाता जाता उजेड गोलात शिरते आणि तिथंच गरगर फिरत राह्यते. हवेत काही वाईट मिसळलं तर त्याच्यानं लगेच समजते म्हणे. गोल आणि रस्ता यातलं अंतर ती कॉम्प्युटरवर ठरवते, चकती बाहेरून बनून येते, मंग ती तपासते. "रस्ता लय जवळ ठेवला तर उजेड आला तसा निघून जाते," ती म्हणे, "अन् लय दूर ठेवला तर आत येतच नाही. तुह्या फोनसारखं आहे, आई. तू रोज विचारते, मंग माह्याजवळ काही टिकत नाही."

मले झोंबलं, आणि तू आठवला. मी आठ-नऊ वर्षांची आहे. वाशिम-मालेगाव रस्त्यावरच्या वावरात तू कांद्याचं रोप टाकलं आहे आणि मी रोज जाऊन बोटानं माती उकरून पाहते, उगवलं का. तू धुऱ्याच्या बांधावरून पाहत उभा. जवळ येतो, पण मारत नाही. "बी तुह्या बापाचं नोकर आहे काय, बोलावलं की याले?" म्हणतो आणि हातात झारी देतो. त्या वाफ्यातलं अर्धं रोप माह्याच बोटानं मेलं. मी तेव्हा सुधारली नाही, आताही नाही.

ती मोबाइलवर एक रेघ दाखवत होती. उजेड कोंडला की त्या रेघेत खड्डा पडते, तो अरुंद आणि खोल पाहिजे, विहिरीसारखा. मी पाहून म्हटलं, "ही तर बशी आहे."

तिनं बोटानं रेघ मोठी करून पाह्यली. मंग म्हणे, "हो, बशीच आहे. गोलाच्या भिंती खडबडीत निघाल्या. उजेड सांडून जाते."

दोनदा चकत्या बनवल्या, दोनदा बशीच. जाताना म्हणाली, तिसऱ्यांदा असंच झालं तर सोडून देईन आणि वाशिमले कॉम्प्युटर क्लासात शिकवीन. तुह्या जावयाले बरं वाटलं, पोरगी जवळ येईन म्हणून. मले नाही वाटलं. एसटीच्या खिडकीतून मी तिले म्हटलं, "हरून नको येऊ. कंटाळली तर ये."

आता तिसऱ्या चकत्या आल्या आहेत. या वेळी तिनं गोलातली उजेडाची वाट जरा रुंद केली, म्हणजे उजेड भिंतीले कमी घासीन. परवा पहिली तपासली. फोन तिनं केला, मी नाही. "आई, बशी नाही," म्हणे. "वाटी आहे. बाकीच्या अजून पाह्यच्या आहेत, चार-पाच दिवस लागतील. तू फोन करू नको." पण तिचा आवाज भरभर चालला होता, दहावीचा निकाल सांगताना चालला होता तसा.

काल बाजारात मी माह्या भाजीच्या दुकानावर वांगे तोलत होती. पोरीचं काम काय ते मीच तिथं सांगून ठेवलं आहे. बाजूले कोथिंबीर घेऊन बसते त्या सांबारवालीनं साऱ्या लाइनीले ऐकू जाईन असं विचारलं, "काय वं, तुह्या पोरीनं धरला काय उजेड? का अजून पोतं उघडं धरूनच उभी आहे?" सगळ्या हसल्या. मी काटा खाली ठेवला आणि म्हटलं, "धरला."

सांबारवालीनं हातातली जुडी खाली ठेवली. मले वाटलं आता टोमणा येते. तिनं टपरीवाल्याले हाक मारून साऱ्या लाइनीले चहा सांगितला, म्हणे, आपल्यातली पोरगी आहे. आता पुढच्या बाजारी साऱ्या जणी पेढे मागून राह्यल्या, आणि मी हो म्हणून बसली.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, कोणाले वाचून दाखवायचं नाही. सकाळपासून मोबाइल पिठाच्या डब्यावर ठेवला आहे आणि त्याले हात लागू नये म्हणून लिहून राह्यली. बाजारातलं मी पोरीले सांगितलं नाही, तुह्या जावयालेही नाही. तुले सांगते. मी खोटं नाही बोलली, बा. जराशी लवकर बोलली.