बिल्ल्याचं साल

२९ ऑक्टोबर १९५०

फजिती! गावच्या भिकाजीने लढाईतून आणलेला जर्मन बिल्ल्यांचा डबा बेळगावच्या कॅप्टन डॉक्टरांच्या संग्रहाला द्यायचाय. नावं-सालं लावायचं काम माझं. क्रॉसच्या पदकावर १९३९ कोरलेलं, मी तेच लिहिलं. डॉक्टर हसले — "ते लढाई सुरू झाल्याचं साल हो मास्तर! शेवटच्या दिवसापर्यंत तेच ठोकत होते." मे दिवसाच्या पत्र्याच्या पिनेवरचं १९३६ मात्र खरं. बाकीच्यांचं धातूवरून ओळखायचं. आधीचे पितळेचे, वर चांदीचा मुलामा. बेचाळीसनंतर पितळ संपत आलं — मग जस्त, करडं.

डब्याबाहेरचा एक बिल्ला आमच्या देव्हाऱ्यात आहे. गरुड, बंदूक, भोवती पानांचं कडं.

३० ऑक्टोबर

तो भिकाजीने माझ्या भावजयीला, शांताला, आणून दिला. म्हणाला, "अर्जुननं दिलता. इटलीत, चव्वेचाळीस साली." आणि सरकारी तार सांगते, माझा धाकटा भाऊ अर्जुन बेचाळीसच्या जूनमध्ये आफ्रिकेत बेपत्ता, बहुधा ठार. भिकाजी पितो. तरी त्या एका वाक्यावर शांता आजवर कुंकू लावते.

१ नोव्हेंबर

दिग्गी गावचा कृष्णा आला होता. शांताशी पाट लावायचं विचारतोय. माणूस सरळ. "मळणीपातुर थांबतो मास्तर. त्येच्या म्होरं न्हाई. घरात दोन बारकी पोरं हाईत, अन् माझा भात कुत्रं बी खाईना!"

जेवताना शांता दाराआडून म्हणाली, "भावजी, त्या बिल्ल्याचं साल सांगा. मग मी काय ते ठरवीन."

मी धातूंचं सगळं समजावून सांगितलं. पितळ निघालं तर भिकाजीच्या बोलण्याला आधार नाही. जस्त निघालं तर बिल्ला बेचाळीसनंतरचा, म्हणजे भिकाजी खरं बोलत असेल.

५ नोव्हेंबर

दिवाळीआधी कल्हईवाला आला. अंगणभर नवसागराचा धूर. दिवसभर खोकला.

१२ नोव्हेंबर

शांताने बिल्ला पदरावर घेऊन समोर धरला. किती वर्षांनी नीट पाहिला! मागचं कारखान्याचं चिन्ह चिंचेने घासून घासून गेलंय. कानशीने कडेला खरवडणार होतो.

"देवाची वस्तू हाय भावजी. वरखडा नगं."

थांबलो. नुसता पाहिला. करडा, मंद. जस्त!

"बेचाळीसनंतरचा," मी म्हटलं. "अर्जुन — तेव्हा जिवंत असावा."

ती घागर घेऊन गेली.

१३ नोव्हेंबर

कृष्णाला नाही म्हणून कळवलं. भिकाजी खूश. "मी सांगत न्हवतो? दारू माझ्या पोटात जाती मास्तर, डोळ्यात न्हाई!"

झोप नाही. बिल्ला नंतरचा असला तरी तो अर्जुनच्याच हातून आला, हे कशावरून? हे मला काल सुचलं नव्हतं का? सुचलं होतं. बोललो नाही. मलाही तो जिवंतच हवा होता. आणि असता, तर पाच वर्षांत आला नसता?

१९ नोव्हेंबर

बेळगावला डबा पोचवायला जायचंय. डॉक्टरांना दाखवतो म्हणून शांताकडे बिल्ला मागितला. या वेळी वरखड्याचं काही बोलली नाही. देवाला हात जोडून दिला.

२१ नोव्हेंबर

डॉक्टरांनी चाकूचं टोक टेकवलं. खाली पिवळं.

"अहो, ही तर कल्हई! पितळेवरची. बिल्ला सुरुवातीचा आहे."

दिवाळीआधी भांड्यांबरोबर कल्हईला गेला असणार. कल्हई तर घराघरात होते, आणि मला ओळखता आली नाही! पितळेने अर्जुन मेला असंही ठरत नाही. पण मी जे बोललो त्याला आता काहीच उरलं नाही.

२२ नोव्हेंबर

शांताला सांगितलं. ती चुलीपुढे होती, मान वर केली नाही.

"ठावं हाय. मीच करून घेतली कल्हई. त्यो जित्ता हाय असं तुमच्या तोंडनं येकदा ऐकायचं हुतं, भावजी."

मग भात उतरवला. "कृष्णाला सांगावा धाडा. मळणी व्हायची हाय अजून."

कपाळ मोकळं होतं.