दिवाणाचं पथ्य

भावनगर,
रविवार (आणि पुढचे तीन दिवस)

मोटाभाईंच्या चरणी धाकट्या प्रागजीचे जय श्रीकृष्ण.

तुमच्या गुडघ्याला आता आराम असेल. भाभींनी सांगितलेलं तेल लावत असाल, आणि लावत नसाल तर लावतो म्हणून सांगत असाल. वडोदऱ्यात तुमची तब्येत सुधारली, त्यात भाभींच्या शिस्तीचा वाटा किती आणि त्यांच्या नजरेआड होणाऱ्या शेव-उसळीचा किती, हे मी विचारत नाही. इकडे सर्व कुशल आहे. जे नव्हतं ते मी केलं, तेच कळवायला हे पत्र.

विषय आपल्या दिवाणाचा. आमची रंजन सासरी जाताना हा करडा आफ्रिकन पोपट मागे ठेवून गेली, तेव्हापासून तो सकाळी फरसाणाच्या दुकानात गल्ल्याशेजारी बसतो आणि दुपारी घरी येतो. पहिल्या घाण्यातला पहिला गाठिया त्याचा. त्याने तो कुडूमकुडूम खाल्ला की गिऱ्हाईक समजतं, तेल ताजं आहे. त्याने मान फिरवली की लोक समोरच्या दुकानाकडे बघायला लागतात. हातगाडीपासून दोन दुकानांपर्यंत मी घाम गाळून आलो, पण गावात श्रेय पोपटाला. (मी वाद घालत नाही. खप वाढतो.)

गेल्या महिन्यात त्याच्या छातीची पिसं झडू लागली म्हणून पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वजन भरलं सहाशे दहा ग्रॅम. काय खातो, असं त्यांनी विचारलं. मी अभिमानाने सांगितलं, गाठिया, तळलेली मिरची, रविवारी जिलबी. त्यांनी पेन खाली ठेवलं. "शेठ, याच्या यकृतावर चरबी चढलीय. असंच चाललं तर हा वर्ष काढणार नाही." येताना रिक्षात जसुमतीने पिंजरा मांडीवरून खाली ठेवला नाही. लेक सासरी गेल्यापासून दुपारभर ती त्याच्याशीच बोलते, हे तुम्ही दिवाळीत आलात तेव्हा पाहिलंच आहे.

मग दुकान बंद (त्याचं, माझं नव्हे) आणि पथ्य सुरू. मोड आलेले मूग त्याने एकेक करून जसुमतीच्या वाळत घातलेल्या पापडांवर नेमाने टाकले. गाजर पाण्याच्या वाटीत बुडवून मारलं. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या पौष्टिक गोळ्यांकडे त्याने असं पाहिलं, की शिळा माल खपवताना पकडल्यासारखं मलाच वाटलं. बाई म्हणाल्या, पोपट आपल्या थव्यात जे खातात तेच खातो. आता त्याचा थवा म्हणजे मी. म्हणून रोज पिंजऱ्यासमोर पाट मांडून बसलो आणि शेवग्याचा पाला, कच्चं गाजर, मूग वाहवा करत खाल्ले. शेजारचे मनुभाई कुंपणावरून म्हणाले, "काय प्रागजी, धंदा इतका बसला? चारा खायची वेळ आली?" मी म्हटलं, "या ना, तुमच्यापुरता उरलाय." आठव्या दिवशी दिवाणाने माझ्या ताटलीतून गाजर ओढून घेतलं. आता मूगही खातो. जनावर असो की गिऱ्हाईक, सवय लावायची कला हातात असावी लागते, आणि ती माझ्या हातात आहे.

भाभींना जय श्रीकृष्ण. तुमचा धाकटा,
प्रागजी

ता. क. : तीन आठवड्यांनी वजन केलं. सहाशे बारा. कोणीतरी चोरून खाऊ घालतंय, असं जसुमतीचं म्हणणं. मी ताबडतोब संशयितांची नावं दिली, मनुभाई सर्वांत वर.

ता. क. दुसरा : काल दिवाण गाजर खाता खाता स्पष्ट माझ्या आवाजात म्हणाला, "घे बेटा, जसुमतीला सांगायचं नाही." आणि मागोमाग गाठिया चावल्याचा आवाज काढला. दोनदा. एकदा त्याचा, एकदा माझा.

मोटाभाई, तुमच्याशी खोटं बोलत नाही. पाल्यावर आल्यापासून तो माझ्याकडे पाठ करून बसायचा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला ते सहन झालं नाही. रोज एकच गाठिया, अर्धा त्याला, अर्धा मला. डॉक्टरीणबाईंचे शब्द आठवून आजपासून तेही बंद, दुकानाची शपथ.

पण जसुमतीला मी सांगून बसलोय, की तो आवाज तुमचा. फोनवर आपल्या आईलाही आपले आवाज वेगळे ओळखू येत नव्हते. यात दोन बारीक अडचणी आहेत. एक, तुम्ही आलात ते दिवाळीत, तेव्हा पथ्य सुरूच झालं नव्हतं. दुसरी, जसुमती म्हणते, "मोटाभाईंनी आजवर मला नावाने हाक मारलेली नाही. ते 'वहू' म्हणतात." तेव्हा तुम्ही फोन करून तिला दोनचार वेळा नावाने हाक मारा, आणि दोष तुम्ही घ्या. तुमच्यावर ती रागावणार नाही. माझ्यावर ती कालपासून रागावलेलीच आहे.

ता. क. तिसरा, जसुमतीच्या हातचा : मोटाभाईंच्या पाया पडते. यांना प्रत्येक ओळ मोठ्याने वाचत लिहायची सवय आहे, आणि चार दिवस हे पिंजऱ्याशेजारी बसून लिहीत होते. "दोष तुम्ही घ्या" हे दिवाणाने मला आज सकाळपासून पाच वेळा सांगितलं. फोन केलात तर भाभींकडे द्या, शेव-उसळीचंही त्यानेच सांगितलंय. आता तो माझ्या हातून गाजर खातो. हेही खातात.