पुठ्ठ्यावरचे गोल

शनि. ८ जून २००२, अल नहदा, शारजा

गाडी काल परत तापली. ऐन सिग्नलला. अब्बांनी बोनेट उघडलं तर नुसती वाफ, मागून सगळे हॉर्न. मी सीटमध्ये खाली सरकून बसले. इम्रान उतरून मजा बघत उभा. आठ वर्षांचा आहे, त्याला कसली लाज.

आज गॅरेजवाला म्हणाला, इंजिन खोलावं लागेल, आठवडा ठेवून जा. पण शुक्रवारी अल ऐनला जायचंय. आपाचं पहिलं बाळंतपण. दुलाभाई जहाजावर, ती घरात एकटी. अब्बांनी पुढच्या आठवड्याची रजा घेतलीय ती त्यासाठीच, दारात गाडी हवी, केव्हाही हॉस्पिटलला न्यावं लागेल. फोनवर आपा म्हणाली, "अम्मीला घेऊन या ना गो लवकर. मला रात्री भीती वाटते."

अम्मी जेवली नाही.

रवि. ९

पाणी जातं कुठे? अब्बा रोज सकाळी रेडिएटर काठोकाठ भरतात, दुसऱ्या दिवशी परत कमी. गाडीखाली ओलं असतं, पण इथे कुठल्या गाडीखाली नसतं? सगळ्यांचे एसी टपकतात. अब्बापण म्हणतात, एसीचंच आहे. पण गाडी रात्रभर बंद असते. मग सकाळी ताजं ओलं कसं?

पार्किंगला वाळू, सगळं पिऊन टाकते, काही कळत नाही. टीव्हीचा खोका फाडला. पुठ्ठा गाडीखाली सरकवला.

सोम. १०

सहा थेंब! फजरच्या नमाजानंतर लगेच खाली गेले. सगळे एकाच जागी, पुढे, ड्रायव्हरच्या बाजूला. बोट लावलं. फिकट हिरवं, बुळबुळीत, रेडिएटरमधल्या पाण्यासारखं. एसीचं पाणी दुसऱ्या बाजूला पडतं आणि ते साधं असतं. म्हणजे हे ते नव्हेच.

थेंबांभोवती पेनने गोल काढले, बाजूला तारीख.

गाडीखालून निघताना वॉचमनने बघितलं. "क्या गुम गया?" मान हलवली आणि पळाले. बाहेरच्यांशी बोलणं: शून्य.

अब्बांना सांगायचं वाक्य तयार करून गेले. चहा ठेवला, परत आले.

मंगळ. ११

आठ थेंब. त्याच जागी.

पण गाडी चालू असताना तिथून काही पडत नाही. काल संध्याकाळी मुद्दाम उभी राहून बघितलं. थंड झाल्यावरच का? नववीच्या पुस्तकात होतं, गरम झालं की वस्तू फुगते. मग थंड झाली की आक्रसते, तेव्हा कुठे चीर उघडत असेल? पुढचं दहावीच्या पुस्तकात असेल. नववीनंतर इकडे आणलं, इथे मराठी शाळा नाही, इंग्लिशवाल्यांनी घेतलं नाही. खलास.

अब्बा गाडी गॅरेजला द्यायला तयार झालेत. गुरुवारी. अम्मीने आपासाठी केलेले मेथीचे लाडू डब्यातून काढून परत ताटात ठेवले.

बुध. १२

तोंडाने जमणार नाही. पुठ्ठा अब्बांच्या सीटवर ठेवून दिला. आज दहा होते. खाली लिहिलं, 'एसी बंद होता'.

कामावरून आले ते पुठ्ठा हातात घेऊनच.

"हे गोल कोणी काढले?"

इम्रान: "शी डिड! एव्हरी मॉर्निंग!"

मला वाटलं ओरडतात. गुपचूप खाली गेले, मी मागे. बोनेट उघडलं. मी नुसतं बोट दाखवलं. रेडिएटरमधून इंजिनाला जाणारा खालचा रबरी पाइप, क्लिपच्या मागे. अब्बांनी दाबला तर ओठ उघडावेत तशी चीर उघडली.

"तो गॅरेजवाला शहाणा वाकला पण नाही. डायरेक्ट इंजिन खोलायला निघाला." मग माझ्याकडे बघून, "आणि तू? बोलायचं नाही काय गो बाय?"



गुरु. १३

अब्बांचा हाफ डे. पाइप काढला. क्लिपपर्यंत अब्बांचा हात जाईना, माझा गेला. कोपरापर्यंत काळा. पाइप एवढा कडक झालेला की वाकवला तर कडकन मोडेल.

जुना पाइप पिशवीत घालून टॅक्सीने स्पेअर पार्टच्या दुकानात. दुकानदाराने मॉडेल विचारलं, आत गेला, नवा आणला. अब्बा खिशात हात घालतायत आणि मला दिसतंय की हा नाही. याला एकच वाकण, आपल्याला दोन. अब्बांची बाही ओढली. त्यांना कळेना. मग आपोआपच बोलले:

"ये ऊपर का है. हमको नीचे का चाहिए."

जुना काउंटरवर ठेवला. दुकानदाराने दोन्ही शेजारी धरून बघितले, हसला. "अरे, मेकॅनिक तो ये है! चचा, आप जाके बैठो." कान गरम झाले. पण बरोबर तो मिळाला. निघताना म्हणाला, पानी भरके हीटर फुल चलाना, अंदर फँसी हवा निकलेगी.

बाहेरच्यांशी बोलणं: दोन वाक्यं!

मग जूनमध्ये शारजात हीटर लावून बसलो. इम्रान: "अब्बा, आर यू क्रेझी?" अब्बा घाम पुसत, "बहिणीला विचार. तीच मेकॅनिक."

लाडू परत डब्यात.

शुक्र. १४, अल ऐन

हॉस्पिटलच्या बाकावर लिहितेय.

अर्ध्या वाटेत इंजिनच्या तापमानाचा काटा मध्यापासून वर सरकला. अम्मी तस्बीहचे मणी ओढतेय. मी म्हटलं, "हीटर लावा." सगळ्या काचा खाली, बाहेरून गरम, आतून गरम. काटा हळूहळू उतरला. हवा राहिली होती? की अजून कुठून जातंय? माहीत नाही.

आपा दारातच उभी, पोट धरून. सामान उतरवलंच नाही, तिला घेऊन तसेच इकडे आलो.

अम्मी आपाबरोबर आत गेली. अब्बा दहा फेऱ्या मारून माझ्यासमोर थांबले. "गाडीखाली पुठ्ठा टाकलास?"

घरी राहिला होता.

कँटीनवाल्याकडे गेले. रांग होती, उभी राहिले. "भय्या, एक खाली खोका मिलेगा?" त्याने काही न विचारता दिला. फाडून गाडीखाली सरकवला.

आत्ता बघून आले. कोरा आहे. पण इंजिन अजून गरम आहे. थंड झाल्याशिवाय काही म्हणता येत नाही.

आतूनही अजून कोणी बाहेर आलेलं नाही.