तुमच्या बाजूचं चाक

बाबा, तुमची गाडी चालू झाली. तुम्ही असते तर आधी हेच विचारलं असतं. मी कसा आहे, हे मागाहून. तुम्ही गेल्यावर ती अंगणातल्या टिनाच्या शेडखाली उभी राहिली ती राहिलीच. दिव्यांच्या खाचांत चिमण्यांनी घरटी केली, टायर बसले, आणि येणारा-जाणारा म्हणायचा, भंगारवाल्याले देऊन टाका. मी हो हो म्हणत राहिलो आणि दिली नाही. मग यंदा डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेचं दिसणं गेलंच आहे, उरलेलंही हळूहळू जाईल, रस्त्यावर गाडी चालवणं सोडा म्हणाले. त्यांनी सोडा म्हटलं आणि मला तुमची गाडी आठवली. एवढीच इच्छा धरली की डोळे आहेत तोवर तिला एकदा खाप्याला न्यावं, आणि कन्हान नदीच्या वाळूत, जिथे तुमची राख सोडली तिथवर, शेवटच्या टप्प्यात तरी स्वतः चालवावी.

गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं आणि हसायलाच लागला. "काका, ही गाडी नाही, डायनासोर आहे. बोटीतून आली असंन!" मी म्हटलं, हो, बोटीतूनच आली. खाणीच्या साहेबाने मागवली होती, तुम्ही त्याच्याकडे ती चालवायचे, आणि खाण बंद पडली तेव्हा जाताना तुमच्या हवाली करून गेला. इंजिन तुमचंच ठेवलंय बाबा, आतून नवं करून घेतलं. वायरिंग सगळं नवं, ब्रेक नवे, सीटला पट्टे लावले, आणि स्टेअरिंग डावीकडेच आहे पण आता एका बोटाने फिरतं. तुम्ही नाक मुरडलं असतं. पण माझे खांदे तुमच्यासारखे नाहीत. रंग तोच दिला, तुम्ही ज्याला धुळीचा रंग म्हणायचे तो. एका गोष्टीला मात्र मी हात लावू दिला नाही. पुढच्या दोन्ही चाकांवर मधोमध त्या चकत्या आहेत ना, खाली उतरून हाताने फिरवल्याशिवाय पुढची चाकं ओढायला लागत नाहीत, आपण ज्यांना कुलपं म्हणायचो, त्या. तो म्हणाला, "आता ऑटोमॅटिक येते काका. या वयात उन्हात उतरून चकत्या काहून फिरवता?" मी म्हटलं, राहू दे. "मर्जी तुमची. मंग वाळूत फसले तं मले फोन नोका करजा!"

त्याला काय सांगणार होतो? की मी दहा वर्षांचा आहे, सुट्टीत तुमच्याबरोबर खाणीवरून परततो आहे, आणि तुम्ही म्हणता, "म्हन गा, ते नदीवाली." मी पुस्तकातली नदीची कविता खड्या आवाजात म्हणतो. तुम्ही चौथीच शिकलेले, तुम्हाला वृत्त-बित्त ठाऊक नाही, पण माझी ओळ संपेपर्यंत तुम्ही पुढचा गिअर टाकत नाही. इंजिन गुरगुरतं, तुमचा हात दांड्यावर थांबून असतो, ओळ संपते आणि मग गिअर पडतो. पुढे शाळेत कितीतरी जणांनी मला यती, म्हणजे कवितेत कुठे थांबायचं ते, शिकवली, पण ती मला तुमच्या हातातून आधीच कळली होती. मग नदीचं पात्र येतं. तुम्ही डावीकडून उतरता, मी उजवीकडून. आपापलं कुलूप फिरवायचं आणि ओरडायचं, "लागलं!" पलीकडून दुसरं "लागलं!" आलं की गाडीत बसायचं. एकदा तुम्ही बिडी पेटवत होते म्हणून मी पळत जाऊन तुमचंही लावून टाकलं, शाबासकी मिळेल म्हणून. तुम्हाला ते दिसलंच नाही. तुम्ही सवयीने येऊन चकती फिरवली, म्हणजे लागलेलं सोडलं, आणि आपण भर पात्रात फसलो. तुम्ही मारलं नाही. चाकापाशी उकिडवे बसून एवढंच म्हणाले, "माह्या चाकाले हात काहून लावला गा? तुह्या चाकाचा मालक तू, माह्याचा मी." त्यानंतर मी त्या चाकाला कधी हात लावला नाही.

परवा सकाळी निघालो. तुमचा नातू मिहानमधल्या एका कंपनीत कामाला आहे, त्याने सुट्टी टाकली. रस्ताभर तोच चालवत होता आणि रस्ताभर बोलत होता, "पप्पा, फक्त वाळूत हं. अन् हळू." पळस फुलला होता, मला तो मधोमध तेवढा दिसला, कडेचा नाही. काठावर त्याने गाडी थांबवली, खाली उतरला आणि मोबाईल धरून उभा राहिला. मी उजवीकडून उतरलो, वाकलो, चकती फिरवली. गुडघा कुरकुरला, पण ती गोडीत फिरली. उभा राहून ओरडलो, "लागलं!" मुलाला वाटलं त्यालाच सांगतोय, त्याने अंगठा वर केला. मी पुढून वळसा घालून, तुमच्या चाकाच्या अगदी जवळून, डावीकडे येऊन बसलो आणि गाडी वाळूत घातली.

चार-पाच हात गेली आणि रुतली. मागची चाकं नुसती वाळू उडवत होती. मुलगा धावत आला, "काय झालं पप्पा? एवढी दुरुस्ती करून हे? फोर व्हील आहे का नाही ही?" मी रेस सोडली. इंजिन तुमच्याच आवाजात गुरगुरत होतं, आणि तेव्हा मला कळलं काय झालं ते. मी खाली उतरलो. मुलगाही वाकला, "सांगा, कोणतं फिरवायचं? मी फिरवतो." मी म्हटलं, "नको. हात नको लावू." जरा जोरातच बोललो असेन. तो बाजूला झाला. तुमच्या चाकाच्या चकतीवर वाळू चढली होती, ती मी हळू झटकली, जशी तुमच्या धोतरावरची झटकायचो. आणि फिरवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "लागलं" म्हणावं असं वाटलं; तसाच येऊन स्टेअरिंगवर बसलो.

गाडी निघाली बाबा. पार पाण्यापर्यंत गेली. तिथे इंजिन बंद केलं तर पाण्याचा आवाज आला. नदीवाली कविता म्हणायला घेतली आणि दुसऱ्या कडव्यावर अडलो. मुलगा शेजारी येऊन बसला होता. मग म्हणाला, "पप्पा, ऊन वाढून राहिलं."

परत रस्त्याला लागण्याआधी त्याने विचारलं, नेमकं काय बिघडलं होतं? मी म्हटलं, काही नाही, वाळू फार होती. पलीकडून आवाज येईल असं धरून बसलो होतो, हे पोराला कसं सांगणार? तुम्हालाही समोर असते तर सांगितलं नसतं. कागदावर सांगतोय, तेही कागद पोहोचणार नाही म्हणून. आणखी एक. डांबरावर आलं की कुलपं सोडायची, हा तुमचाच नियम. माझ्या बाजूचं मी सोडलं. तुमच्या बाजूचं तसंच लावून ठेवलंय.