बिनडोळ्यांचा नंदी

दिनांक १ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप शालिकराम मामाजींना दामिनीचा साष्टांग नमस्कार.

पत्र पाहून दचकू नका, सगळे खुशाल आहेत. आईचा गुडघा आता बरा आहे. बाबांची शाळा सुरू झाली, त्यामुळे घरात आमच्यावर ओरडणं थोडं कमी झालंय. फोनच करणार होते. पण फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं जयवंता मामी ऐकतात. हे मला फक्त तुम्हाला सांगायचंय. मामींनीच पाकीट फोडलं असेल, तर मामी, तुम्हालाही नमस्कार.

पोळा तीन आठवड्यांवर आला. तुमच्या ओसरीत लाकडी बैलांची रांग लागली असेल. तान्ह्या पोळ्याला निम्म्या सौंसरची लेकरं तुमचेच बैल ओढत नेतात. मामी आतून ओरडत असतील, “जेवाले या ना आता! बैल का पळून चालले का?” आणि तुम्ही “हो, हो” म्हणत अजून एक शिंग रंगवून घेत असाल.

वर मी गावाचं नाव लिहिलं नाही. तुम्ही अक्षरं रंगवणारे, तुमच्या नजरेतून ते सुटलं नसणार. पाकिटावरचा शिक्का पांढुर्ण्याचा आहे, मामाजी. मी तीन आठवडे झाले घरीच आहे. एका बसच्या अंतरावर बसून तुम्हाला पत्र लिहितेय, यावरून माझी लाज केवढी ते समजून घ्या.

कॉलेज सोडलं.

फ्लेक्स आले आणि तुमचं दुकानांच्या पाट्या रंगवणं बंद पडलं, तेव्हा तुम्ही आईला म्हणाला होतात, “मले लोक पेंटर म्हणते, हिले आर्टिस्ट म्हणतीन. जाऊ दे इले.” म्हणून मी सरकारी कॉलेजात गेले. पहिलं वर्षभर आम्ही प्लॅस्टरचं एकच डोकं काढलं. त्याचं नाक तुटलेलं होतं, म्हणून आम्हा चाळीस जणांच्या वहीत चाळीस नकटी माणसं. डिझाइनच्या कॉम्प्युटरची खोली कायम बंद, कारण किल्ली ज्या बाबूकडे होती त्याची बदली झाली होती. दुसऱ्या वर्षी प्रॅक्टिकलच्या नावाखाली शहराच्या भिंतींवर स्वच्छतेच्या घोषणा लिहायला पाठवलं. तिथे मात्र मी राणी होते. दोरी मारून रेघ कशी धरायची, अक्षराचं पोट कुठे फुगवायचं, हे बाकीच्यांना मी शिकवलं. म्हणजे तुम्हीच शिकवलं. तुमच्यापासून दूर जाऊन मी तुमचंच काम करत होते.

सगळेच वाईट होते असं नाही. रोहित सर होते. अतिथी विद्वान, म्हणजे दरवर्षी राहणार की जाणार याची धाकधूक असणारे. ते स्वतःचे रंग घेऊन यायचे. एकाच पिवळ्यातून संत्र्याच्या कच्च्या, पाडाच्या आणि पिकल्या सालीचे रंग कसे काढायचे ते त्यांनी दाखवलं. त्यांना मी तुमच्याबद्दल सगळं सांगितलं होतं. जूनमध्ये त्यांची नेमणूक पुढे झाली नाही. त्यानंतर मला तिथे करमेना, हे खरं. पण कॉलेज सोडायचं खरं कारण हे नाही, आणि मी मघापासून तेच टाळतेय.

तुम्ही मला निघताना एक नंदी दिला होतात, आठवतं? सगळा रंगवलेला, फक्त डोळे नाहीत. तुमची रीतच आहे, डोळे सगळ्यात शेवटी, हात धुऊन, आणि ज्याचं काम पूर्ण झालं त्यानेच रंगवायचे. “डिग्री भेटली का मंग याचे डोळे तूच रंगवजो,” म्हणालात. मी तो दोन वर्षं खोलीच्या खिडकीत ठेवला होता.

मार्चमध्ये तपासणी होती. दाखवायला कॉलेजकडे काही नव्हतं, म्हणून प्रत्येकाने घरचं काहीतरी मांडायचं ठरलं. मी नंदी मांडला. बाहेरून आलेल्या मॅडमना तो फार आवडला. त्यांनी तो उलटा केला, पोटाखाली तुम्ही काढलेलं ‘शा’ पाहिलं आणि विचारलं, “ये किसने बनाया?”

आजूबाजूला भोपाळ-इंदूरची मुलं होती. कोणाचे वडील आर्किटेक्ट, कोणाची आई प्रोफेसर. मी म्हणाले, “पता नहीं मॅडम, बाजार से लिया था.”

रोहित सर शेजारीच उभे होते. संध्याकाळी जिन्यात भेटले तेव्हा एवढंच विचारलं, “दामिनी, मामाजी कैसे हैं?” मामाजी, त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी नंदी काचेच्या कपाटात गेला. खाली चिठ्ठी: ‘अज्ञात लोक कलाकार’. रोज येता-जाता मी ती वाचायचे. शेवटी जुलैमध्ये कागद परत घ्यायला गेले तेव्हा नंदीही मागितला. ऑफिसातले नवे बाबू म्हणाले, “स्टॉक रजिस्टर में चढ़ गया, अब नहीं निकलेगा.” खूप विनवलं, रडलेही. शेवटी त्यांनाच दया आली आणि त्यांनी पाच मिनिटं कपाट उघडून दिलं. मी ती चिठ्ठी काढली आणि तुमच्याच वळणाच्या अक्षरात नवी लिहिली: ‘शालिकराम, सौंसर. यांची भाची इथे शिकत होती.’

ब्रश हातात होता, काळा रंगही होता. डोळ्यांना हात लावला नाही. माझं काय पूर्ण झालं होतं?

पुढच्या रविवारी सकाळच्या बसने येते. तुम्ही रागावला असाल तर रागवा, मी ऐकून घेईन. बोलायचं नसेल तर बोलू नका, पण ओसरीतून उठवू नका. दोरी मारीन, शिंगांना रंग देईन, लेकरांना बैल बांधून देईन. डोळे मागणार नाही. आणि पोळा झाला की माझ्यासोबत एकदा त्या कॉलेजात चला. बाबू ओळखीचे झालेत, कपाट उघडतील. त्या नंदीचे डोळे तुम्ही सगळ्यांसमोर रंगवा. कोणी विचारलंच हे कोण, तर या खेपेला मी सांगीन.

लहानपणी धरायची तशी,
तुमच्या रंगाची वाटी धरणारी
दामिनी